तंबूतील विमानतळ

विमानतळाचा इतिहास सांगणारे लोक बहुधा कोनशिलेपासून सुरुवात करतात. कोणी पायाभरणी केली, कोणत्या मंत्र्याने फीत कापली, धावपट्टी किती लांब झाली, याची त्यांत नोंद असते. ही माहिती खोटी नव्हे. पण मोडलेले घर पुन्हा उभे राहीपर्यंत माणसे कोठे उभी होती, हे तिच्यातून कळत नाही. आमचे शालेय शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा विद्वत्तेचा आव न आणता, आम्हांस जो प्रश्न सुचतो तो श्रोत्यांपुढे ठेवतो : आपत्तीनंतर काम पुन्हा सुरू करायचे, ते कोणाच्या शब्दावर?

विमानतळ आणि तंबू यांचे नाते जुने आहे. आज जगभर गाजलेला लंडनचा हीथ्रो विमानतळ १९४६ साली मुलकी वाहतुकीस खुला झाला, तेव्हा तेथे इमारत कसली? लष्कराचे जुने तंबू ठोकून, त्यांत आरामखुर्च्या मांडून उतारूंची सोय केली होती. महायुद्ध नुकतेच संपले होते. तंबूतली गैरसोय लोकांनी सोसली, कारण ती शांततेची गैरसोय होती. जपानमधील सेंदाई येथे ११ मार्च २०११ रोजी भूकंपामागून त्सुनामी आली, धावपट्टी पाण्याखाली गेली आणि हजारावर माणसे इमारतीत अडकून पडली. चिखल आणि वाहून आलेल्या मोटारी उपसून १३ एप्रिलला तेथून मोजकी देशांतर्गत उड्डाणे सुरू झाली. विमानतळाची रेल्वे पूर्ववत व्हायला मात्र ऑक्टोबर उजाडला. निसर्गाने केलेल्या नासाडीवर कोणी कोणाचा संशय घेत नाही, हेही येथे लक्षात ठेवावे.

तिसरे उदाहरण ब्रुसेल्सचे, आणि आमचे मुख्य सांगणे त्याविषयीच आहे. २२ मार्च २०१६ रोजी सकाळी आठच्या सुमारास बेल्जियमच्या राजधानीतील या विमानतळाच्या प्रस्थानदालनात दोन बॉम्बस्फोट झाले. तासाभराने शहरातील माल्बेक मेट्रो स्थानकाजवळ तिसरा झाला. दोन्ही ठिकाणी मिळून ३२ निरपराध माणसे बळी पडली, शेकडो जखमी झाली. आपल्या मुंबईचाही त्या दालनाशी संबंध होता. मुंबईच्या जेट एअरवेजचे युरोपातील मुख्य ठाणे त्या वेळी ब्रुसेल्सला होते; अवघ्या पाच दिवसांनी, २७ मार्चला, ते ॲमस्टरडॅमला हलवण्याचे आधीच ठरले होते. कंपनीचे कर्मचारीही त्या स्फोटात जखमी झाले. ती कंपनी २०१९ साली बंद पडली आणि हजारो कामगार रस्त्यावर आले, ही कहाणी निराळी.

वर्षाला सव्वादोन कोटींहून अधिक उतारू हाताळणारा विमानतळ बारा दिवस बंद राहिला. ब्रुसेल्स एअरलाइन्सने अँटवर्प व लिएज येथील लहान तळांवरून युरोपातील फेऱ्या चालवल्या; लांबच्या फेऱ्या झुरिक व फ्रँकफुर्टवरून. इकडे मोडक्या दालनास बगल देऊन तात्पुरती सोय उभी राहत होती. २९ मार्चला शेकडो कर्मचाऱ्यांनी स्वतः उतारू होऊन तिची चाचणी घेतली. अखेर रविवारी, ३ एप्रिलला, तीन विमाने सुटली : फारो, अथेन्स आणि तुरिन. एरवीच्या मानाने एक पंचमांश, म्हणजे ताशी सुमारे ८०० उतारू, एवढीच त्या सोयीची कुवत होती.

त्या दिवसांतला प्रवास कसा होता? रेल्वे व बस बंद. यायचे ते मोटारीने, आणि मोटारही वाटेत तपासली जाणार. तीन तास आधी पोचायचे. पोचवायला आलेल्या आप्तांनी बाहेरूनच निरोप घ्यायचा. इमारतीबाहेरच्या तंबूत तिकीट, ओळखपत्र आणि सामान दाखवायचे आणि मगच तात्पुरत्या खिडकीशी जायचे. नेहमीची सुरक्षा तपासणी त्यापुढे होतीच.

हा तंबू कोणाच्या मागणीने आला? येथे इतिहासाचे बारीक अक्षर वाचावे लागते. विमानतळ पुन्हा उघडण्याची तांत्रिक तयारी ३१ मार्चलाच झाली होती. परंतु तेथील पोलिसांच्या संघटनांनी संपाची नोटीस दिली. दालनात शिरण्यापूर्वी तपासणी झाल्याखेरीज आम्ही कामावर उभे राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १ एप्रिलच्या संध्याकाळी सरकारशी समझोता झाला, आणि मगच ३ तारीख ठरली. दर दिवसाचा तोटा मोजणाऱ्यांना हा अडवणुकीचा प्रकार वाटला असल्यास नवल नाही. आम्हांस तो तसा वाटत नाही. पुढचा स्फोट झालाच, तर पहिला बळी दारावरच्या माणसाचा. त्याला दार कसे असावे हे सांगण्याचा हक्क आहे.

परंतु अर्धे सत्य सांगून थांबणे हे प्रचारकाचे काम. त्याच दिवसांत विमानतळ पोलिसांच्या नावाने एक खुले पत्र प्रसिद्ध झाले. सामान हाताळणाऱ्यांत आणि सफाई कामगारांत दहशतवाद्यांचे निदान ५० सहानुभूतीदार आहेत, असा त्यांत आरोप होता. तपास अवश्य व्हावा. पण संख्या जाहीर झाली आणि नावे झाली नाहीत, की संशय पन्नासांवर राहत नाही, झाडू धरणाऱ्या प्रत्येक हातावर तो बसतो. स्फोटानंतर धुरात परत शिरून जखमींना बाहेर काढणाऱ्यांत सामानाला प्लॅस्टिक गुंडाळणारा एक कामगार होता, हे जगाने वाचले होते. तरीही!

आणि तंबूचे काय झाले? १ मे रोजी, म्हणजे कामगारदिनीच, जुन्या प्रस्थानदालनाचा काही भाग उतारूंना खुला झाला. दुसऱ्याच दिवशी बाहेरच्या तपासणीपुढे लांबच लांब रांगा लागल्या, कित्येकांची विमाने चुकली. आत होऊ नये म्हणून जी गर्दी रोखायची, तीच दाराबाहेर उघड्यावर उभी राहिली! पुढे ती सरसकट तपासणी सैल करावी लागली. तात्पर्य, मागणी न्याय्य होती, उपाय अपुरा होता. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात, हे चळवळीतल्या माणसास शिकायला फार वर्षे लागतात.

आम्ही ते कसे शिकलो हे सांगून संपवतो. तरुणपणी आम्ही ज्या कारखान्यात होतो, तेथे भट्टी फुटून दोन सोबती भाजले. चौथ्या दिवशी पत्रे ठोकून, शेजारच्या पडवीत काम सुरू करण्याचा हुकूम आला. आम्ही फाटकात बसलो. सरकारी तपासनीस येईपर्यंत आत पाऊल टाकणार नाही म्हणालो, आणि नऊ दिवसांनी जिंकलो. गुलाल उधळला. त्या नऊ दिवसांची मजुरी कायम कामगारांना मिळाली. बदली कामगारांना मिळाली नाही. कारण आमच्या मागणीपत्रात त्यांचे नावच नव्हते. त्यांतला एक जण, आम्हांस वडील भावासारखा, एवढेच म्हणाला, “दादा, फाटकात आम्हीपण बसलो होतो.”

आम्हांस त्यावर उत्तर सुचले नाही, अजूनही सुचत नाही. म्हणून ब्रुसेल्सचा तंबू वाचताना आमची नजर प्रथम झाडूवाल्यांकडे गेली. तात्पुरती सोय ही समाजाची खरी परीक्षा असते. पक्क्या इमारतीत प्रत्येकाची जागा आधीच ठरलेली असते. तंबूत ती नव्याने ठरवावी लागते, आणि तेव्हा आपण कोणाला आत घेतो, कोणाला संशयाने बाहेर उभे करतो, हे उघड्यावर सर्वांना दिसते. तंबू निघून जातो. तो हिशेब मात्र राहतो.