शांतिसेनेची उसनवारी

नगरमध्ये लष्कराचं अप्रूप कुणाला नाही. मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथेच आहे. पण याच रेजिमेंटच्या जवानांना २००० साली सिएरा लिओनमधल्या कैलाहुनला बंडखोरांनी वेढलं होतं, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. सोबत गुरखा जवान. वेढा अडीच महिने चालला. जुलैत ‘ऑपरेशन खुकरी’ने तो फुटला. त्यात आपली हेलिकॉप्टरं होती, ब्रिटिशांची चिनूक होती, घाना-नायजेरियाच्या तुकड्याही होत्या. शेजारच्या लायबेरियात मात्र तेव्हा संयुक्त राष्ट्रांची शांतिसेनाच नव्हती. ती आली २००३ मध्ये.

मग २००५ मध्ये सुरक्षा परिषदेच्या १६०९ क्रमांकाच्या ठरावाने सिएरा लिओन, लायबेरिया आणि आयव्हरी कोस्टच्या मोहिमांना एकमेकींचे सैनिक तात्पुरते वापरण्याची वाट काढून दिली. अटी दोन महत्त्वाच्या: सैनिक पाठवणाऱ्या देशाची संमती, आणि उसनं देणाऱ्या मोहिमेचं काम अडता कामा नये. आम्ही एका सर्व्हरचा भार दुसऱ्यावर टाकतो, तेव्हा सर्व्हरच्या देशाला कोण विचारतं! इथे विचारावं लागतं, आणि ते योग्यच आहे. २०११ मध्ये लायबेरियातली तीन लढाऊ हेलिकॉप्टरं आयव्हरी कोस्टला देण्यासाठीही वेगळा ठराव लागला.

दक्षिण सुदानमध्ये १९ डिसेंबर २०१३ रोजी अकोबोच्या तळावर जमाव चालून आला. आश्रयाला आलेल्यांना वाचवताना दोन भारतीय जवान गेले. काँगो, दारफूर वगैरे मोहिमांतून तिकडे कुमक हलवायला परवानगी मिळाली २४ डिसेंबरला.