चिकोडीचे विष्णुपंत पागनीस

सीमाभागाने मराठी रंगभूमीस काय दिले, असा प्रश्न निघाला की हिंडलग्यापासून निपाणीपर्यंतचा रसिक प्रथम अण्णासाहेब किर्लोस्करांचे नाव घेतो. ते योग्यच होय. १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणणारा हा नाटककार बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. परंतु याच जिल्ह्यात, चिकोडीस १८९२ साली जन्मलेल्या विष्णुपंत पागनीसांचे स्मरण सहसा कोणी करीत नाही. त्यांचा चेहरा मात्र असंख्य मराठी माणसांच्या परिचयाचा आहे. फरक इतकाच की, तो ते तुकोबांचा म्हणून ओळखतात.

बालवयातच विष्णुपंत कोल्हापूरच्या स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले आणि स्त्रीभूमिकांमुळे नावारूपास आले. त्या काळी बहुतेक मंडळ्यांत नायिका पुरुषच रंगवीत. स्त्रीपार्टी नटाचे शिक्षण कठीण असे. पाठांतर आणि गाणे तर हवेच. शिवाय मान किती झुकवावी, हात कोठे थांबवावा, पदर कसा सावरावा, गद्यातून पदाकडे वळताना सूर कसा सांधावा, हे सारे तालमीत अंगी मुरवावे लागे. पुढे नाटकाचा व्यवसाय मागे पडला आणि विष्णुपंत मुंबईत संगीतशिक्षक झाले.

१९३६ साली प्रभात कंपनीने 'संत तुकाराम' हा बोलपट काढला. विष्णुपंत तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. कथा-संवाद शिवराम वाशीकरांचे, तर संगीत केशवराव भोळ्यांचे. गौरी यांच्या कजाग पण प्रेमळ जिजाईपुढे विष्णुपंतांचा तुकाराम कधीच आवाज चढवीत नाही. तो बोलता बोलता गाऊ लागतो आणि बोलणे कोठे संपले हे कळत नाही. शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी रचलेले एक पद तर अनेकांनी तुकोबांचाच अभंग मानले. मुंबईत हा बोलपट एकाच चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली इटलीतील व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला.

या यशाचे स्पष्टीकरण सामान्यतः एकाच वाक्यात दिले जाते, ते म्हणजे विष्णुपंतांच्या अंगी तुकोबा संचारले! भाविकाने असे म्हणावे हे आम्ही समजू शकतो. इतिहासकाराने मात्र तेथे थांबू नये. पडद्यावरील त्या तुकारामाची लवलेली मान, संकोचलेले हात, अपमान सोसतानाचे मार्दव आणि पदात सहज विरघळणारे गद्य, यांत आम्हांस संगीत रंगभूमीवरील स्त्रीपार्टी नटाची दीर्घ साधना दिसते. नायिकेचे जे मार्दव तेथे शृंगारास उपकारक झाले, तेच येथे करुणेच्या कामी आले. संचार म्हटले की ही साधना पुसली जाते, आणि तिच्याबरोबर ती करणारा माणूसही.

तो पुसला जाण्यास त्याच्या हयातीतच आरंभ झाला. 'संत तुलसीदास' (१९३९), 'नरसी भगत' (१९४०), 'महात्मा विदुर' (१९४३) अशा नावांवरूनच दिसते की पडद्याने त्यांच्याकडे पुढे संत आणि सत्पुरुषच मागितले. १९४३ सालीच त्यांचे निधन झाले. शकुंतलेच्या परंपरेत वाढलेल्या या नटाच्या अंगी आणखी कोणत्या भूमिका होत्या, हे पाहण्याचे भाग्य प्रेक्षकांस लाभले नाही.

आपल्याकडे नाटकाचा इतिहास एका ग्रंथात आणि चित्रपटाचा दुसऱ्या ग्रंथात लिहिला जातो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने चिकोडी एका राज्यात आणि कोल्हापूर दुसऱ्या राज्यात गेले. अशा दुहेरी विभागणीत विष्णुपंतांसारखा कलावंत कोणाच्याच वाट्यास पूर्ण येत नाही. त्यांचा तुकाराम आजही पाहावयास मिळतो. तो पाहताना भक्तिभावाने हात जोडावेत. पण त्या जोडलेल्या हातांत चिकोडीच्या एका नटास केलेला नमस्कारही असावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.