काया, चिता आणि खर्रा

'चयापचय' हा शब्द बहुतेकांच्या कानावर चुकीच्या जागी तुटतो. त्यात 'पचन' ऐकू येते आणि जेवणाशी संबंधित काहीतरी असावे, असे वाटून माणूस पुढे जातो. संधी सोडवली की चय आणि अपचय असे दोन तुकडे हाती लागतात. पच्, म्हणजे शिजवणे, या धातूचा तिथे मागमूस नाही. धातू आहे चि : वेचणे, रचणे, रास करणे. संचय त्यातलाच. चिता त्यातलीच, कारण ती रचावी लागते. आणि शरीर या अर्थाचा 'काय' हाही त्यातलाच. इथे 'च'चा 'क' का होतो, हे सांगायला पाणिनीने वेगळे सूत्रच खर्ची घातले आहे. ज्यात काही रचले जाते तो काय, त्यावरून काया. काया आणि चिता एकाच धातूच्या, हे एखाद्या कीर्तनकाराच्या हाती लागले तर उत्तररंगाची सोय झाली!

पाश्चात्त्यांचा शब्द तुलनेने सपाट आहे. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाने १८३९ मध्ये पेशींतल्या घडामोडींसाठी 'बदल' अशा अर्थाचा ग्रीक शब्द घेतला आणि त्याचे पुढे मेटाबोलिझम झाले. आपल्या शब्दात जमाखर्च आहे. रचले किती, मोडले किती?

हा जमाखर्च कसा बिघडतो ते चंद्रपूर-गडचिरोलीत पानठेल्यावर दिसते. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घ्यायचा आणि घोटायचा, की झाला खर्रा. राज्यात इतरत्र मावा म्हणतात तो साधारण हाच. तंबाखू हा शब्द पोर्तुगिजांच्या जहाजातून अमेरिकेकडून आला. चुना घरचा, संस्कृत 'चूर्ण' झिजून झालेला. सुपारीतल्या मुख्य अल्कलॉइडचे नाव अरेकोलीन. प्रयोगशाळेतले वाटते, पण त्याच्या मुळाशी मल्याळी 'अडक्का' आहे. पोर्तुगिजांनी त्याचे 'अरेका' केले आणि ते युरोपभर गेले. सुपारीचे नाव असे जग फिरून आपल्याकडे परत आले, तेही आजाराच्या कागदावर.

चुन्याच्या संगतीत अरेकोलीनचे अरेकायडीन होते. गालाच्या अस्तराखाली कोलॅजनचे तंतू रचणाऱ्या पेशींना ही द्रव्ये डिवचतात. तंतू जास्त रचले जातात आणि जुने मोडण्याचे काम मंदावते. सुपारीत तांबेही बरेच असते. तंतू एकमेकांत गुंतवणाऱ्या विकराला त्याने जोर येतो. गाल आतून पांढुरका आणि ताठ होतो, तिखट सोसत नाही, आणि हळूहळू तोंडात तीन बोटे उभी जाईनाशी होतात. डॉक्टर याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात आणि संशोधक त्याला कोलॅजनच्या चयापचयाचा विकार मानतात. चय वाढला, अपचय घटला. इथे शब्दच निदान सांगतो. यातल्या काहींच्या तोंडात पुढे कर्करोग होतो. दोष सगळा तंबाखूचा, सुपारी बिचारी शुभकार्याची, असे मानणाऱ्यांसाठी : जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात नुसत्या सुपारीलाही कर्कजनक ठरवले आहे. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेच्या साथीने २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'मुक्तिपथ' या मोहिमेने दारूच्या जोडीला तंबाखूही धरली, ती उगाच नाही.

आता कर्करोगाच्या वाटेवरचा दुसरा शब्द, दाह. लॅटिनमध्येही शब्दाच्या पोटात आगच आहे. पहिल्या शतकातल्या सेल्ससने लाली, सूज, ऊब आणि वेदना अशी त्याची चार लक्षणे नोंदवली. मराठी परिभाषाकारांनी 'शोथ' निवडला. विश्वकोशात 'दाहयुक्त सूज' असेही समजावलेले असते. शोथ आणि सूज ही दोन्ही श्वि, म्हणजे फुगणे, या धातूपाशी पोचतात. 'शून' म्हणजे सुजलेला. त्यावरूनच 'शून्य' आले, फुगून आतून पोकळ झालेले. गणितातल्या शून्याला सूज आहे, हे शाळेत कुणी सांगत नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या झाडीबोलीत 'श' नाही, त्यामुळे तिथे शोथाचा 'सोथ' होणार, आणि तो आपसूक सुजेच्या शेजारी जाऊन बसतो. 'ळ'चा 'र' होतो, म्हणून जळणे तिथे 'जरने'. संस्कृतात ज्वल् आणि ज्वर् ही एकाच कुळातली रूपे आहेत. झाडीचे 'जरने' ज्वराच्या इतके जवळ येते ते योगायोगाने, पण योगायोग सुरेख आहे.

मात्र दाह कर्करोगाकडे नेतो तो चार दिवसांत शमणारा नव्हे, वर्षानुवर्षे धुमसणारा. कोश त्याला 'जीर्ण शोथ' म्हणेल. माझे मत 'चिघळणे' या शब्दाला. रुडॉल्फ फिर्को याने १८६३ मध्ये अर्बुदांत, म्हणजे गाठींत, पांढऱ्या रक्तपेशींची गर्दी पाहिली आणि दाहाचा संबंध सुचवला. १९८६ मध्ये हॅरॉल्ड ड्वोराक याने अर्बुदाला न भरणारी जखम म्हटले. मराठीत जखम भरत नाही, तेव्हा ती चिघळते. कोशकारांना हा शब्द का सुचला नसावा? बहुधा तो फार मराठी वाटला असेल.

राहिला कर्क. सुश्रुताकडे अर्बुद आहे, ग्रंथी आहे; या ग्रंथीचीच आपली गाठ झाली. 'कर्करोग' हे ग्रीक-लॅटिन नावाचे भाषांतर. ग्रीक वैद्यांनी खेकड्याचे नाव दिले आणि गाठीभोवती तट्ट फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात, असा खुलासा गॅलनने केला. चित्र ठसठशीत आहे, पण ते बाहेरून शिरलेला प्राणी दाखवते, आणि तिथेच मला ते खटकते. बिघडलेली पेशी आपलीच असते. ओटो वारबुर्ग याला १९२० च्या दशकात दिसले, की ती प्राणवायू मुबलक असतानाही साखर आंबवते आणि दह्यात असते तेच लॅक्टिक आम्ल तयार करते. पेशीचे श्वसनच बिघडले असावे, हा त्याचा तर्क पुढे सरसकट टिकला नाही. आजचे उत्तर असे, की या मार्गाने साखरेतला कार्बन नव्या पेशी बांधायला हाताशी राहतो. म्हणजे पुन्हा चयच.

आंबवणे हे झाडीपट्टीला कुणी शिकवायला नको. तांदळाच्या पिठाची आंबील आणि मोहफुले यांवर इथल्या कित्येक घरांनी पावसाळे काढले आहेत. (हा मोह 'मधूक'चा अपभ्रंश, मुह् धातूतल्या मोहाशी त्याचे नाते नाही, दारूबंदीवाले काहीही म्हणोत.) कुरखेडा तालुक्यातल्या चिरचाडीचे भास्कर हलामी यांच्या घरीही तेच होते. आश्रमशाळेत शिकलेला हा मुलगा गडचिरोलीत बीएस्सी आणि नागपुरात एमएस्सी झाला, मिशिगनमध्ये पीएचडी करून मेरीलँडच्या सरनॉमिक्स या कंपनीत शास्त्रज्ञ झाला. तिथे त्यांचे काम होते आरएनए रचण्याचे. पेशीतला एखादा संदेश अचूक पकडून गप्प करणारे आरएनएचे छोटे तुकडे, हे या कंपनीचे क्षेत्र. तिने त्वचेच्या कर्करोगांवर तपासलेले एक औषध दोन संदेश एकदम बंद करू पाहते. एक कॉक्स-टूचा, जो दाह पेटता ठेवतो. दुसरा टीजीएफ-बीटाचा, जो तंतू रचायला लावतो. खर्र्याने आखडलेल्या गालात कोलॅजन रचण्याचा हुकूम सुटतो, तो मुख्यतः या टीजीएफ-बीटाकडूनच.