मुंबईचे तलाव कुठे गेले?

आज पाण्याबद्दल बोलायचंय, आणि सुरुवात पत्त्यांपासून करू. धोबी तलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक, दो टाकी, नवाब टँक, खारा टँक. दक्षिण मुंबईत राहणाऱ्याच्या तोंडी ही नावं रोज असतात. यातल्या एकाही ठिकाणी आज तलाव नाही. धोबी तलावाला मेट्रो सिनेमा आहे, गोवालिया टँकला 1942 च्या भाषणांचं मैदान आहे. गवळी तिथे गुरांना पाणी पाजायचे म्हणून ते नाव पडलं. गुरं गेली, पाणी गेलं, नाव तेवढं टिकलं.

मग हे तलाव बुजवले कुणी आणि का? आपल्याकडे याचं एक ठरलेलं उत्तर असतं: बिल्डर. इथे ते चालत नाही. बहुतेक तलाव बुजले ते पाण्याचे नळ आल्यावर आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून. म्हणूनच मला ही गोष्ट जास्त विचार करण्यासारखी वाटते.

नळाआधीची मुंबई डोळ्यांसमोर आणा. चहूबाजूंनी समुद्र, त्यामुळे कित्येक विहिरी मचूळ. गोडं पाणी लागलं की ती मोठी गोष्ट. चर्चगेटजवळची भिका बेहरामची विहीर 1725 ची आहे. समुद्र एवढा जवळ असून तिचं पाणी गोड लागलं आणि पारशी समाजाने ती आजही पवित्र मानून जपली आहे. पैसेवाल्यांनी तलाव खोदून देणं हा धर्म समजला जायचा. सी. पी. टँक म्हणजे कावसजी पटेलांचा तलाव. पण याचं फार गोड चित्र रंगवू नका. एकाच तलावात कपडे धुणं, जनावरं आणि पिण्याचं पाणी, असा प्रकार सर्रास होता. कॉलऱ्याला याहून सोयीची जागा नव्हती.

1854 मध्ये पाऊस दगा देऊन गेला. गुरांना शहराबाहेर माहीमकडे हलवावं लागलं. होड्यांतून पाणी आणलं, रेल्वेनेही आणलं. बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं बरं का! म्हणजे या देशातली पहिली प्रवासी रेल्वे बाळसं धरते न धरते तोच पाण्याचा टँकर झाली.

तेव्हा हेन्री कॉनीबेअर नावाच्या इंजिनिअरची योजना पुढे आली. साष्टीच्या डोंगरात, विहारच्या खोऱ्यात, मिठी नदी अडवायची आणि नळाने पाणी शहरात न्यायचं. 1856 ला काम सुरू झालं, 1860 ला पाणी आलं. वीस-बावीस किलोमीटर अंतर, आणि पाणी उताराने वाहत येणार. शहराने आपल्या हद्दीबाहेरचं पाणी स्वतःसाठी आणण्याची ही इथली सुरुवात. ते पुरलं किती दिवस? 1864 च्या जनगणनेत मुंबईत 8,16,562 माणसं मोजली गेली. कापसाच्या तेजीने शहर फुगलं होतं. मग 1879 ला तुळशी, 1892 ला तानसा. मधे पवईचाही प्रयोग झाला, पण ते पाणी पिण्यालायक निघालं नाही.

या प्रकरणात एक चांगली गोष्ट घडली, ती मुद्दाम सांगतो, कारण तिची फारशी आठवण काढली जात नाही. तलावात पाणी स्वच्छ यायचं तर वरचं रान शाबूत हवं. म्हणून विहार आणि तुळशीच्या पाणलोटातली जंगलं राखली गेली, वस्ती येऊ दिली नाही. आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या गाभ्यात हीच राखीव जमीन आहे. बोरिवलीच्या बिल्डिंगमागे बिबट्या दिसतो, तेव्हा त्याने नगरपालिकेच्या जलखात्याचे आभार मानायला हरकत नाही. पाण्याचा स्वार्थ नसता तर ते रान टिकलं असतं, असं मला अजिबात वाटत नाही.

वाईट बाजू मात्र लगेच दिसू लागली. पाणी आलं, पण ते बाहेर नेणारी गटारं त्या वेगाने आली नाहीत. घरात आलेलं पाणी वापरून झाल्यावर जाणार कुठे? जमिनीत. चाळींखालची जमीन कायम ओली राहू लागली. 1896 ला प्लेग आला, तेव्हा काही डॉक्टरांनी या ओलीकडे बोट दाखवलं. प्लेगचं खरं कारण उंदरांवरच्या पिसवा होत्या, हे पुढे कळलं. पण ओल काही खोटी नव्हती.

आणि मग मलेरिया. मलेरिया डासांमधून पसरतो हे सिद्ध झालेलं होतं. डॉ. बेंटली यांनी मुंबईतला मलेरिया तपासला आणि 1911 मध्ये अहवाल दिला. शहरातल्या विहिरींत अ‍ॅनोफिलीस स्टिफेन्सी जातीचा डास वाढतो, हे त्यात होतं. विहिरी झाका नाहीतर बुजवा, अशी मोहीम निघाली. घरामागच्या विहिरीची पूजा करणाऱ्या हिंदूंनी आणि पारशांनी विरोध केला. पण माणसं तापाने मरत होती, तेव्हा अधिकाऱ्यांना दोष कसा द्यायचा? मी तरी देणार नाही. माझी तक्रार त्यानंतरच्या काळाबद्दल आहे. डासाचा बंदोबस्त झाला की विहीर पुन्हा वापरता आली असती. तसं झालं नाही, कारण नळ होता. ज्या पाण्यावर आपलं घर चालत नाही, त्याच्याकडे कोण बघतो?

मिठी नदीचं तेच झालं. वरचं पाणी विहारने अडवलं. खाली उरला तो पवई आणि विहार भरून वाहिल्यावरचा पावसाळी लोंढा. आठ महिने जवळजवळ कोरड्या पात्रात सांडपाणी, गोठे, कुर्ल्यातल्या तेलाच्या पिंपांची धुलाई. विमानतळाने तिला धावपट्टीखालून नेलं, वांद्रे-कुर्ला संकुल तिच्या काठच्या दलदलीवर भराव घालून उभं राहिलं. लोक तिला नालाच म्हणायचे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, आणि तो नाला ही नदी आहे हे अर्ध्या शहराला त्या रात्री कळलं.

आज मुंबई रोज सुमारे 385 कोटी लिटर पाणी घेते. मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा, मध्य वैतरणा, एकेक धरण करत ती शंभर किलोमीटरच्या पलीकडे पोचली. यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसाचं. तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर लागतो. जलवाहिनी दाराजवळून जाते आणि बाई हंडा घेऊन डोंगर उतरते. 1854 मध्ये टँकर मुंबईला लागत होता. आता तो शहापूरला लागतो, एवढाच काय तो बदल.

आता वाडा तालुक्यात गारगाई नदीवर आणखी एक धरण प्रस्तावित आहे, त्यात तानसा अभयारण्यातलं जंगल बुडेल. ज्या शहराने विहारसाठी रान राखलं, तेच आता पाण्यासाठी रान बुडवायला निघालंय. आणि इकडे शहरात नळात सोडलेल्या पाण्याचा जवळपास तिसरा हिस्सा गळती आणि चोरीत जातो, असं पालिकेचेच अधिकारी सांगत आले आहेत. नव्या इमारतींना पावसाचं पाणी साठवण्याचा नियम 2002 पासून आहे. तुमच्या सोसायटीत ती टाकी असेल, तर तिच्यात पाणी आहे का एवढं एकदा झाकण उघडून बघा आणि आम्हाला कळवा. पुढच्या भागात त्या उत्तरांबद्दल बोलू.