काचपात्रातील अदृश्य पहारेकरी
१८५० च्या सुमारास लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी काचपात्रात दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीने ऑक्सिजन पुरविला. परंतु तिच्या कुजणाऱ्या पानांनी पाणी गढूळले. गोगलगायींनी ती पाने फस्त केली, तेव्हा पाणी निवळले.

तरीही माशांनी उत्सर्जिलेल्या विषारी अमोनियाचे काय होते, हा प्रश्न उरलाच. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राडस्की यांनी त्याचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करणारे सूक्ष्मजीव शोधले. नव्या टाकीत ते पुरेसे वाढण्यास काही आठवडे लागतात. सारी टाकी घासून धुणारा हौशी पालक माशांचे हे पहारेकरीच धुऊन टाकतो. म्हणून पाणी थोडेथोडे बदलावे आणि फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच विसळावा.