न हलता बदललेला मुलूख

परमुलखात जाऊन तेथील कायदा नव्याने शिकणारे वकील पुष्कळ. परंतु आपल्याच बैठकीवर बसल्याबसल्या ज्यांच्या पायाखालचा मुलूख बदलला, असे वकील निजामाच्या हैदराबादेने पाहिले. मुसी नदीच्या तीरावरील त्या हायकोर्टात, जेथे परभणीकडचे केशवराव कोरटकर वकिलीतून न्यायाधीशपदापर्यंत चढले, मराठी माणसाला घरचा पत्रव्यवहार मराठीत आणि कचेरीचा कारभार उर्दूत, असा दुहेरी व्यासंग करावा लागे. वादी तो मुद्दई, प्रतिवादी तो मुद्दालेह, आणि मिसलीवरची तारीख फसली सनाची, ज्यात 590 मिळवावे तेव्हा कोठे इसवी सन हाती लागे. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस कारवाईने ती राजवट संपली, पुढे न्यायदरबारी इंग्रजी आली, आणि उजवीकडून डावीकडे धावण्यात मुरलेली लेखणी उलट फिरवावी लागली. चाळिशी उलटलेल्या वकिलास हे किती जड गेले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि तेथील अपिलांनी मुंबईची वाट धरली; तरी मराठवाड्यातील जमिनीच्या दाव्यांत हैदराबादी अमदानीतल्या खासरा पत्रकाची नक्कल आजही दाखल होते.