बावीस अक्षरे आणि अठ्ठावीस

टॅरोची पाने हिब्रू अक्षरांशी जोडून वाचणारे सांगतात की ही विद्या फार प्राचीन आहे. कागदपत्रांचा कौल वेगळा पडतो. ही पाने पंधराव्या शतकात इटलीत खेळासाठी रंगवली गेली. त्यांतली 22 चित्रपाने आणि हिब्रूची 22 अक्षरे यांची सांगड पहिल्यांदा छापून आली ती 1781 साली पॅरिसमध्ये, कूर द जेबलँ यांच्या ग्रंथाच्या आठव्या खंडातल्या एका लेखात. गूढविद्येचा फ्रेंच लेखक एलिफास लेव्ही याने तिला कबाला या ज्यू गूढविद्येची पक्की बैठक दिली, तीही 1850 नंतर.

यातले दोन घटक, म्हणजे अक्षरांची बेरीज आणि चित्रावरून कौल, हैदराबादच्या पुराव्यांत 1781 च्या आधी दीडशे वर्षे दिसतात.

अक्षरांपासून सुरुवात करू. चारमिनारचे साल ‘या हाफिज’ या शब्दांत दडले आहे, असे सांगतात. अबजद पद्धतीने, म्हणजे प्रत्येक अरबी अक्षराचे ठरलेले मूल्य धरून, मोजून पाहावे: ये 10, अलिफ 1, पुढे हे 8, अलिफ 1, फे 80, झोय 900. बेरीज बरोबर 1000. हिजरी 1000 सुरू झाले ऑक्टोबर 1591 मध्ये. हिशेब चोख आहे, आणि तो इतका चोख आहे म्हणूनच मला थोडा संशय येतो. ठाऊक असलेल्या, त्यातही अशा गोल सालासाठी नंतर कोणीही शब्द जुळवू शकतो. बेरीज साल सांगते. ती कोणी, केव्हा केली हे सांगत नाही.

शहराचे बिरुद ‘फर्खुंदा बुन्याद’. फे 80, रे 200, खे 600, नून 50, दाल 4, हे 5, मिळून 939. बे 2, नून 50, ये 10, अलिफ 1, दाल 4, मिळून 67. एकूण 1006, म्हणजे 1597-98. हे साल गोल नाही, त्यामुळे मला ते जास्त बोलके वाटते. शहर 1591 मध्ये आखले गेले आणि बांधकामाचा एखादा टप्पा 1006 मध्ये पुरा झाला, असा तर्क करता येतो. पण तो तर्कच. हेच बिरुद पुढे निजामांच्या नाण्यांवरही आहे. म्हणजे ते सालाविनाही चालत होते, आणि बेरीज हा निव्वळ योगायोगही असू शकेल.

एक बारकावा मात्र पक्का आहे. हिब्रूतली अक्षरे 400 वर संपतात. अरबीत आणखी सहा आहेत, 500 ते 1000 मूल्यांची. वरच्या दोन्ही बेरजा या वाढीव अक्षरांवर उभ्या आहेत. झोय काढला तर 1000 चे 100 उरतात, खे काढला तर 1006 चे 406. कबालाच्या बावीस अक्षरांत हैदराबादची ही साले अशी मांडताच आली नसती.

आता चित्रे. खलिली संग्रहात गोवळकोंड्याचा एक सचित्र फालनामा, म्हणजे कौल पाहण्याचा ग्रंथ, आहे. त्याचा काळ अभ्यासक साधारण 1610 ते 1630 धरतात. या वीस वर्षांत तीन सुलतान गादीवर होते: हैदराबाद वसवणारा मुहम्मद कुली 1612 पर्यंत, मुहम्मद 1626 पर्यंत, मग अब्दुल्ला. तेव्हा केवळ काळावरून तो एकाच्या नावावर टाकणे धाडसाचे. फालनामा पाहण्याची रीत मात्र ठाऊक आहे. शुचिर्भूत होऊन, प्रार्थना करून प्रश्न मनात धरायचा आणि ग्रंथ उघडायचा. एका पानावर पैगंबर, इमाम किंवा ग्रह. समोरच्या पानावर प्रवास, लग्न, व्यापार यांविषयीचा कौल. इस्तंबूलला कलंदर पाशाने सुलतान पहिल्या अहमदासाठी असाच ग्रंथ सिद्ध केला, 1614 ते 1616 च्या सुमारास. गोवळकोंडा दरबारात इराणी मंडळींचा मोठा भरणा होता. पेशवेपदावरचा मीर मुहम्मद मोमीन अस्तराबादचा. (पेशवा हे पद तिथे शिवकाळाआधीपासून होते.) ही रीत इराणातून त्यांच्याबरोबर आली असावी, असे मला वाटते.

मग दोन्ही विद्या एकाच दरबारात असताना लेव्हीसारखी त्यांची सांगड कोणी घातली का? कुराणाच्या काही हस्तलिखितांच्या शेवटी अक्षरावरून कौल देणारे फालनामे जोडलेले असत, पण तिथे चित्र नसते. सचित्र ग्रंथांत कौल चित्राशी बांधलेला असतो, अक्षरांच्या बेरजेशी नाही. गोवळकोंड्याच्या एखाद्या पानाच्या समासात कोणा वाचकाने अबजदचे आकडे मांडलेले सापडले, तर प्रश्न पुन्हा उघडावा लागेल.